खोक्यावरचा आकडा आणि आतला स्पंज

प्रति,
मा. संपादक,
स. न.

महोदय,

तीन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवार पुरवणीत घरच्या फिशटँकविषयी लेख आला होता. लेख वाचनीय होता, छायाचित्रंही सुरेख होती. पण टाकीच्या मागच्या काचेवर अडकवायच्या फिल्टरबद्दल (आम्ही हौशी मंडळी त्याला हँगिंग फिल्टर म्हणतो) त्यात जेमतेम तीन वाक्यं होती आणि तिन्ही माशांच्या जिवावर बेतणारी होती. लेखातला सल्ला असा: खोक्यावर ताशी सर्वांत जास्त लिटर लिहिलेला फिल्टर घ्यावा. कार्ट्रिज (फिल्टरच्या डब्यातली तयार गाळणी) दर महिन्याला नवं बसवावं. बाकीचे भाग नळाखाली स्वच्छ धुवावेत.

मी 28 वर्षं एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक होते. बाटलीवरच्या लेबलवर विसंबायचं नाही, आपण मोजून बघायचं, ही तिथली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. घरात आता 60 लिटरची एक आणि 25 लिटरची एक अशा दोन टाक्या आहेत, आणि आजवर पाच हँगिंग फिल्टर वापरून झाले.

आधी त्या आकड्याचं बघू. माझ्या एका फिल्टरच्या खोक्यावर ताशी 600 लिटर छापलं होतं, म्हणजे 1 लिटरचं भांडं 6 सेकंदांत भरायला हवं. टाकीतलं पाणी चार बोटं उतरवून मी धारेखाली मापाचं भांडं धरलं. आत काहीही न घालता 7 सेकंद लागले. स्पंज आणि सिरॅमिक रिंगा (चिनीमातीच्या सच्छिद्र कड्या) घातल्यावर 9 सेकंद, म्हणजे ताशी 400. तीन आठवडे हात न लावता चालू ठेवला, तेव्हा 15 सेकंद, म्हणजे ताशी 240. (पाणी उतरवल्यामुळे मोटरला थोडं जास्त उचलावं लागतं, तेवढं तिच्या बाजूनं सोडून देते.) खोक्यावरचा आकडा सहसा रिकाम्या डब्याचा असतो आणि रिकाम्या डब्याचा माशांना काही उपयोग नाही. आणि गंमत अशी की, तासाला टाकीच्या चौपट पाणी फिरलं तरी हलक्या वस्तीच्या टाकीला ते पुरतं. गोल्डफिशसारखी घाण करणारी मंडळी असतील तर जास्त हवं. उलट फायटर माशाच्या 25 लिटरच्या टाकीत मी एकदा हौसेनं जोरदार फिल्टर लावला, तर ते लांब पंखांचं बिचारं दिवसभर एका कोपऱ्यात झाडाच्या आडोशाला धरून बसायचं. शेवटी धारेच्या तोंडाशी स्पंजचा तुकडा कोंबला, तेव्हा ते बाहेर पडलं.

खरा प्रश्न डब्यात मावतं किती, हा आहे. फिल्टर कचरा पकडतो हे त्याचं दुय्यम काम. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं बरंच सौम्य, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. दुसऱ्या टप्प्याचं श्रेय पूर्वी सरसकट नायट्रोबॅक्टरला दिलं जाई. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरा करतात असं 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. नाव काहीही असो, हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे फिल्टर हे त्यांचं घर, आणि लेखातला सल्ला पाळला तर ते घर दर महिन्याला कचऱ्याच्या डब्यात जातं.

हे मी अनुभवावरून सांगते आहे. माझा पहिला फिल्टर कार्ट्रिजवाला होता: प्लॅस्टिकची चौकट, तिच्यावर पातळ कापूस, आत चमचाभर कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा). माहितीपत्रकात लिहिलं होतं तसं मी बरोबर महिन्यानं नवं बसवलं. जुनं टाकून देताना समाधानही वाटलं, किती मळलं होतं म्हणून. चौथ्या दिवशी नियॉन टेट्रा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या बाईनं चाचणी करायची ती तेव्हा केली! नायट्राइट चढलेलं होतं. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. सहा गेले. लागोपाठ पाणी बदलून बाकीचे वाचवले. तो मळ नव्हता, ती वस्ती होती, हे मला सहा माशांनी शिकवलं.

तेव्हापासून नवा फिल्टर आणला की मी त्याचा डबा पाण्यानं भरून मापाच्या भांड्यात ओतून बघते, आणि त्यातली किती जागा स्पंज-रिंगांना मिळते ते पाहते. त्या कार्ट्रिजवाल्या डब्यात 700 मिलिलिटर पाणी मावायचं, पण जिवाणूंच्या वाट्याला त्यातला तो पातळ कापूस तेवढा. आत्ताचा डबा थोडासाच मोठा आहे, पण आत सुटी टोपली आहे; खाली जाड छिद्रांचा स्पंज, वर रिंगा, मला हवं ते हव्या क्रमानं घालता येतं. एक भाग धुतला तरी दुसऱ्यावरची वस्ती शाबूत राहते. कार्बन मी कायमचा काढून टाकला आहे. काही आठवड्यांत त्याची शोषून घ्यायची ताकद संपते, आणि टाकीत औषध घातलं असेल तर तो औषधच शोषून बसतो. औषधाचा कोर्स संपल्यावर उरलेलं औषध काढायला तो चांगला, तेवढ्यापुरता घालावा.

दुसरी एक चाचणी फार सोपी आहे. फिल्टर बादलीवर अडकवून चालू करा आणि डब्यात पाणी येतं तिथे शाईचे दोन थेंब सोडा. निळी रेघ स्पंजमधून जाते की कडेच्या फटीतून निसटते, ते डोळ्यांना दिसतं. माझ्या पाचांपैकी दोन फिल्टरांत ती सरळ कडेनं पळाली, आणि त्यांतला एक पाचांत सर्वांत महाग होता. स्पंज तुंबल्यावर पाणी वरून ओसंडून जाणं समजू शकते, कारण नाहीतर डबाच भरून सांडेल. पण स्वच्छ असतानाच फट असेल तर तो फिल्टर नव्हे, नुसतं कारंजं.

आणि वीज. फिल्टर दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू करून बघावा. मोटर बाहेरच्या डब्याखाली असेल आणि दरम्यान नळीतलं पाणी उतरलं असेल, तर इम्पेलर (पाणी ढकलणारं मोटरचं छोटं चक्र) कोरडाच करकरत बसतो. डब्यात तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय धार सुरू होत नाही. घरी माणूस नसेल तर तो रात्रभर करकरेल. मोटर टाकीच्या पाण्यात बुडालेली असते ते फिल्टर सहसा आपले आपण सुरू होतात. मी आता याच गोष्टीला सर्वांत जास्त गुण देते. वीज बराच वेळ गेली तर मी स्पंज काढून सरळ टाकीत सोडते, कारण डब्यातल्या साचलेल्या पाण्यात जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही.

पाणी ओढणाऱ्या नळीच्या जाळीबद्दलही लेखात अवाक्षर नव्हतं. गप्पींनी पिल्लं दिली त्या आठवड्यात ती एकेक करून नाहीशी होऊ लागली. मी मोठ्या माशांवर संशय घेतला. फिल्टर उघडला तर अकरा पिल्लं डब्यात मजेत पोहत होती! सगळी इतकी नशीबवान नसावीत. तेव्हापासून नळीच्या तोंडावर स्पंजची टोपी असते.

आवाजाच्या तक्रारी मात्र लोक उगाच फिल्टरवर ढकलतात. धबधबा वाजतो तो बहुतेक वेळा बाष्पीभवनानं पाणी खाली गेल्यामुळे. पाणी वर आणलं की गप्प. घरघर येत असेल तर इम्पेलर काढून जुन्या टूथब्रशनं घासावा, फक्त त्याची दांडी सिरॅमिकची असेल तर जपून, कांडीसारखी मोडते.

एवढी खुसपटं काढूनही मी पुन्हा हँगिंग फिल्टरच घेईन. टाकीखालच्या कपाटात ठेवायच्या कॅनिस्टरमध्ये जागा कितीतरी जास्त असते, पण तो उघडायचा म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, म्हणून माणूस टाळतो. इथे झाकण उचललं, स्पंज काढला, पाणी बदलताना बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळला, परत बसवला. पाच मिनिटं. बादलीच का, नळ का नाही? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि ते घातलेलंच असतं जिवाणू मारायला.

आपला लेख वाचून ज्यांनी टाकी आणली, त्यांचा पहिला महिना येत्या आठवड्यात भरतो आहे. लेखाबरहुकूम ते नवं कार्ट्रिज आणतील आणि बाकीचं नळाखाली धरतील. दुरुस्ती छापायचा विचार असेल तर ती रविवारच्या पुरवणीपर्यंत थांबवू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक