‘ट्रिंकोमाली’ जहाजाच्या लाकडी संचातील सदोष फळ्या व फासळ्यांबाबत तक्रार

वडोदरा,
दि. १८ जुलै २०२५

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस

विषय : संचातील अक्रोडाच्या पट्ट्या व फासळ्या क्र. ३ आणि ४ बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी फेब्रुवारीत रु. १४,८०० भरून ‘ट्रिंकोमाली’ या शिडाच्या युद्धनौकेचा एकास ऐंशी प्रमाणातला लाकडी संच मागवला. त्यातील अक्रोडाच्या पट्ट्या वाकवताना चिरतात आणि पुढच्या दोन फासळ्या आराखड्यापेक्षा लहान कापल्या गेल्या आहेत, हे मी एप्रिलमध्ये आपल्याला कळवले होते. लाकूड नैसर्गिक असल्याने थोडाफार फरक राहतोच, पट्ट्या तासभर गरम पाण्यात भिजवाव्यात आणि फळ्या बसवणे हे सरावाचे काम आहे, एवढेच आपले उत्तर आले. या उत्तराने माझे समाधान झालेले नाही. मी नेमके काय केले आणि काय मोजले, ते आपल्या तंत्रज्ञांना तपासता यावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रथम फासळ्यांविषयी. मधला प्लायवूडचा कणा आणि त्यात अडकणाऱ्या पंधरा फासळ्या कोरड्याच बसवून पाहिल्यावर कणा सरळ असल्याची मी खात्री केली आणि मगच सरस लावला. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, आणि मागच्या फासळ्यांच्या कडांना कानस आणि पॉलिश पेपरने उतार दिला. त्यानंतर एक लवचीक पट्टी पुढून मागे सर्व फासळ्यांवर टेकवत नेली, तेव्हा दुसऱ्या आणि पाचव्या फासळीच्या मध्ये ती दोन्ही बाजूंना अधांतरी राहिली. तासताना माझ्याकडून जास्त लाकूड गेले असावे, असेच मला आधी वाटले. पण आपल्याच आराखड्यावर मधल्या क्र. ३ व ४ या दोन फासळ्यांची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजून पाहिली तर प्रत्यक्ष फासळ्या प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटरने कमी भरल्या. उतार देताना लाकूड फक्त कडेच्या एका अंगाने जाते, दुसऱ्या अंगाची कापाची काळी रेघ तशीच राहते. माझ्या फासळ्यांवर ती रेघ आजही शाबूत आहे आणि मोजमाप तिच्यापासूनच घेतले आहे. तेव्हा हा दोष कापणीतला आहे. कडांना पातळ पट्ट्या चिकटवून मी तो भरून काढला, त्यात माझे आठ दिवस गेले.

फासळ्यांवर फळ्यांचे दोन थर बसतात. त्यांतल्या पहिल्या थराच्या दीड मिलिमीटर जाडीच्या पांढऱ्या पट्ट्या मात्र उत्तम होत्या, हेही मी नमूद करतो. त्या एकसारख्या कापलेल्या होत्या आणि भिजवल्यावर सहज वळल्या. कणा पिळला जाऊ नये म्हणून मी एक फळी उजवीकडे, एक डावीकडे अशा क्रमाने तो थर पूर्ण केला आणि त्यात एकही पट्टी तुटली नाही. ज्या हातांनी तो थर बसवला त्याच हातांना आपण दुसऱ्या थरासाठी सरावाची गरज सांगता, याचे मला वाईट वाटले.

या कामातला खरा कठीण भाग फळ्या निमुळत्या करण्याचा आहे, आणि आपल्या माहितीपत्रकाने नेमका तोच चुकीचा सांगितला आहे. मधल्या, म्हणजे आठव्या फासळीवर एका बाजूचा घेर १४८ मिलिमीटर आहे. पाच मिलिमीटरच्या पट्टीने तिथे साधारण तीस ओळी बसतात. नाळेपाशी मात्र त्याच तीस ओळींना ८६ मिलिमीटर जागा मिळते, म्हणजे प्रत्येक फळी तिथे तीन मिलिमीटरहून थोडी कमी रुंद व्हायला हवी. पत्रकात मात्र पट्टी पूर्ण रुंदीची लावत जावी आणि जागा संपेल तिथे टोकदार कापावी, असे लिहिले आहे. अशा सुईसारख्या टोकाला चिकटायला जागाच राहत नाही आणि ते उचकटते. खऱ्या जहाजावर फळी टोकाला निम्म्याहून अरुंद होऊ देत नसत. तशी वेळ आली तर दोन ओळींच्या जागी एकच ओळ पुढे नेत असत. नवशिक्या ग्राहकासाठी प्रत्येक फासळीवरच्या फळीच्या रुंदीचा एक तक्ता दिलात, तरी ही अडचण सुटेल. मी तो स्वतः काढला असून या पत्रासोबत जोडत आहे.

आता दुसऱ्या थराच्या अक्रोडाच्या पट्ट्यांविषयी. यादीत त्या ८० लिहिल्या आहेत, पेटीत ६८ निघाल्या. दोन्ही बाजू मिळून साठ ओळी, प्रत्येक सुमारे ६२० मिलिमीटर लांब, म्हणजे ३७ मीटरपेक्षा जास्त लाकूड लागते. अर्ध्या मीटरच्या ६८ पट्ट्यांचे ३४ मीटरच होतात, त्यामुळे एकही पट्टी तुटली नसती तरी हे जहाज पूर्ण होणे शक्य नव्हते. पट्ट्यांची जाडी ०.६ मिलिमीटर छापली आहे. मोजलेल्या वीस पट्ट्यांत ती ०.४ पासून ०.७ पर्यंत आढळली. सर्वांत गंभीर दोष रेष्यांचा आहे. बऱ्याच पट्ट्यांत लाकडाचे रेषे लांबीला समांतर जात नाहीत, ते तिरपे कडेबाहेर निघतात, आणि वाकवताना पट्टी बरोबर तिथेच चिरते.

ही केवळ माझी समजूत राहू नये म्हणून मी एक चाचणी केली. आपल्या दहा पट्ट्या आणि इथल्या लाकडाच्या दुकानातून आणलेल्या सागवानी व्हेनिअरच्या तेवढ्याच मापाच्या दहा पट्ट्या एकाच पाण्यात वीस मिनिटे भिजवल्या आणि नाळेच्या गोलाईइतक्या स्टीलच्या डब्याभोवती गरम इस्त्रीने वळवल्या. आपल्या सात चिरल्या, सागाची एक. आपण सुचवल्याप्रमाणे तासभर भिजवूनही पाहिले; त्याने पट्टी फुगून रुंद होते आणि सुकल्यावर दोन फळ्यांमध्ये फट पडते. एवढ्या पातळ लाकडाला तो उपाय लागू पडत नाही.

हा संच मी का निवडला तेही सांगतो. हे जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. आज दोनशेहून अधिक वर्षांनंतरही ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगते आहे. वाडिया घराणे मूळचे सुरतेचे, आमच्याच गुजरातचे. माझे आजोबा सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या ‘कलाभवन’ या तंत्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकले, आणि रेषे पाहिल्याशिवाय लाकडाला रंधा लावू नये ही शिकवण आमच्या घरात त्यांच्यापासून आहे. या जहाजाचे पहिले आराखडे घेऊन निघालेली ‘जावा’ ही युद्धनौका १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या हाती पडली आणि आराखडे गेले, तेव्हा इंग्लंडहून ते पुन्हा पाठवण्यात आले होते. मी तर आपल्याकडे सुधारित माहितीपत्रक, दोन फासळ्या आणि काही पट्ट्याच मागत आहे.

तरी कृपया सरळ रेष्यांच्या, एकसारख्या जाडीच्या ८० पट्ट्या, योग्य मापाच्या फासळ्या क्र. ३ व ४ आणि सुधारित माहितीपत्रक १८ ऑगस्टपर्यंत पाठवावे. फासळ्या आता माझ्या जहाजात बसवता येणार नाहीत, पण आपली कापणी दुरुस्त झाल्याची खूण म्हणून त्या मला हव्या आहेत. हे शक्य नसल्यास संपूर्ण रक्कम परत करावी, मी संच आपल्या खर्चाने परत पाठवीन. दोन्ही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मला वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

बिलाची प्रत, मोजमापांची नोंद आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. चिरलेल्या सर्व पट्ट्या क्रमांक घालून ठेवल्या आहेत. आपला प्रतिनिधी आल्यास त्या आणि पहिला थर पूर्ण झालेले जहाज दोन्ही दाखवीन.

आपला ग्राहक,
दांडिया बाजार, वडोदरा