रंगानंतर पासंग पाहिला का?

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बदलापूरच्या शेडमध्ये विमान बांधणाऱ्या दोघा तरुणांवरचा लेख वाचला. फोटो झकास. पण सहा परिच्छेदांपैकी दोन नुसते रंगावर. छटा कोणती, हात किती मारले, चकाकी कशी आली! मी सांताक्रूझच्या एका हँगरात ३१ वर्षे शीट मेटलचे काम केले. नवा रंग दिलेले विमान दिसले की आमच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, रंगानंतर पासंग पाहिला का?

पासंग म्हणजे वाण्याच्या तराजूचाच. पंखाच्या मागच्या कडेला एलेरॉन असते, शेपटीला एलिव्हेटर आणि रडर; विमान वळवायच्या, वरखाली करायच्या या हलत्या झडपा. हे सगळे बिजागऱ्यांवर हलतात, आणि बिजागरीमागचा भाग मोठा म्हणून जड. वाऱ्याच्या धक्क्याने पंख वर उचलला गेला की मागे जड असलेले एलेरॉन रेंगाळते, म्हणजे पंखाच्या मानाने खाली झुकते. खाली झुकले की ते पंखाला आणखी वर रेटते. पंख परतला की हाच खेळ उलटा. दर हेलकाव्याला वारा आपली भर घालतो. याला फ्लटर म्हणतात. वेग पुरेसा असला तर बघता बघता बिजागरी उखडते, पायलटने दांडी कितीही घट्ट धरली तरी. म्हणून बिजागरीच्या पुढे वजन घालायचे. अमेरिकेच्या काही आरव्ही किटांत, म्हणजे घरी जोडायच्या विमानांच्या संचांत तर एलेरॉनच्या पुढच्या कडेत चक्क लोखंडी नळाचा पाईप बसवतात.

फ्लटरच्या या थरथरीचे दुखणे जुने आहे. जेआरडी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ज्या पुस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून जुहूला उतरले, त्या जातीची काही विमाने त्याच सुमारास परदेशात हवेतच मोडली होती. तपासानंतर पंखाच्या टेक्याला आणखी एक छोटा टेका द्यावा लागला.

तीनेक वर्षांपूर्वी पुतण्याच्या ओळखीने वसईच्या एका गाळ्यात गेलो होतो. तिथेही दोन मुले दोन आसनी विमान बांधत होती. एलेरॉन तोलायला आम्ही दोन लाकडी ठोकळ्यांवर ब्लेडच्या धारा वर करून बसवल्या, स्पिरिट लेव्हल लावली आणि बिजागरीच्या पिना त्या धारांवर टेकवल्या. मागच्या कडेखाली सराफी काटा. पंखा बंद! मे महिन्यात वसईत पंखा बंद म्हणजे शिक्षाच, पण त्या वाऱ्याने कड हलते आणि काटा खोटे बोलतो. शिसे वर्सोव्याहून आणले, कोळी जाळ्याला लावतात त्या गोळ्या. गाळ्याबाहेर उघड्यावर, तोंडाला मास्क बांधून वितळवले, कारण ती वाफ विषारी. डिझायनरच्या कागदावर होता तो आकडा बरोबर आला. मुलांनी पेढे वाटले.

मग त्यांनी रंग दिला. मी पुन्हा तोलायला लावले तेव्हा एक जण म्हणाला, "काका, साठ ग्रॅम वाढलेत. एक वडासुद्धा नाही!" पण त्या रंगाचा भार सरासरीने बिजागरीच्या १८ सेंटिमीटर मागे होता आणि शिसे बसवायला जागा होती ती फक्त ६ सेंटिमीटर पुढे. म्हणजे ६० ग्रॅम रंगाला उत्तर द्यायला १८० ग्रॅम शिसे हवे. तेवढी जागा एलेरॉनच्या पुढच्या कडेत नव्हतीच. दोन दिवस घासून त्यांनी वरचे हात उतरवले. तिसरा रंग, जो फोटोत सगळ्यात उठून दिसला असता, तो गेला. त्या पोराचे तोंड मला अजून आठवते.

आणखी एक. रंगाने किंवा पॉलिशने पाणी निघायची बारीक भोके बुजतात. आपल्याकडे जूनमध्ये आत पाणी साचले की तेही मागच्याच कडेला जाऊन बसणार.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवली, चारकोपच्या गच्चीवर बांधलेले विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात पाहायला मी गेलो होतो. अभिमानाने छाती फुगली, खोटे कशाला बोलू. माझ्या पुढच्या गृहस्थांनी मात्र विचारले, "ॲव्हरेज किती देते?" त्यांना काय दोष द्यायचा, पेपरात त्यांनी जे वाचले तेच ते विचारणार.

तेव्हा पुढच्या लेखात रंगाची छटा जरूर छापा, पण त्याखाली एलेरॉनचा रंगाआधीचा आणि रंगानंतरचा आकडाही येऊ द्या. त्या मुलांच्या वहीत तो असेलच. नसला तर सराफी काटा माझ्याकडे आहे, ब्लेडही आहेत, आणि बदलापूरपर्यंत यायची तयारी आहे. फक्त गर्दीची वेळ टाळून.

— एक निवृत्त शीट मेटल कारागीर, विलेपार्ले (पूर्व)