माझ्या वडिलांना त्यांच्या भाषेत तपासणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सेवा जोहार.

बाबांना घरी आणून आता महिना होत आला, तरी हे पत्र लिहायला बसले की डोळे भरून येतात. म्हणून दोनदा अर्धवट सोडलेले पत्र आज पुरे करते आहे.

रोवणीच्या दिवसांत बांधीतले पऱ्हे उपटता उपटता बाबा पक्षाघाताच्या झटक्याने धुऱ्यावर कोसळले, तेव्हा आमच्या नाल्याला पूर होता. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे मला फार उशिरा कळले. ती वेळ आमची रस्त्यातच गेली आणि त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. बोल लावायचा तो आधीच्या रुग्णालयातील पुढच्या सहा दिवसांना. तिथे बाबांना हिंदीत आणि घाईच्या मराठीत "हात वर करा, डोळे मिटा" असे सांगितले जाई, बाबा नुसते पाहत राहत, आणि केसपेपरवर लिहिले गेले की रुग्ण गोंधळलेला आहे, सूचना पाळत नाही. ज्यांचे मराठी आयुष्यभर बाजारापुरतेच राहिले आणि झटक्यानंतर तेवढेही उरले नाही, त्या माणसाला गोंडीतून विचारून पाहा, असे मी दारातून म्हणाले, तेव्हा नातेवाइकांनी मध्ये बोलू नये, असे उत्तर मिळाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिलीचे मूल भाषा न कळल्यामुळे गप्प बसले तर त्याला मठ्ठ म्हणू नये, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते कुणालाच कसे सुचले नाही, याचे दुःख अजून गेलेले नाही.

तुमच्या न्यूरॉलॉजी म्हणजे मेंदूविकार विभागात आलो त्या सकाळी तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात तो आजाराचा नव्हता. "घरी कोणती भाषा बोलता?" असे तुम्ही विचारलेत. मग मागे वळून, आपल्यापैकी कुणाला गोंडी येते, असे तुम्ही निवासी डॉक्टरांना विचारलेत. बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी सर्वांच्या मागे उभ्या असलेल्या एका तरुण डॉक्टरांनी, जणू चूक कबूल करावी तसा, हात वर केला. तेव्हा तुम्ही स्वतःच्या हातातला तपासणीचा हातोडा त्यांच्या हाती दिलात, त्यांच्याकडचा केसपेपर आणि पेन घेतलेत आणि म्हणालात, "आज तुम्ही तपासा, मी लिहून घेते."

मॅडम, औषधे, एमआरआय, व्यायाम, सगळ्याचे ऋण आहेच. परंतु मला रात्री आठवते ती ही हातोडा देण्याची कृती. विभागप्रमुख खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून लिहीत आहेत आणि त्यांचा सर्वांत कनिष्ठ सहकारी सांगत आहे, असे मी याआधी कुठेच पाहिले नव्हते. डॉक्टरांनी बाबांच्या कानाशी वाकून "येर?" असे विचारले आणि सहा दिवस काहीच न कळणाऱ्या माझ्या बाबांचा डावा हात सरळ पाण्याच्या तांब्याकडे गेला. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलले. "ये... र." तो शब्द कसा लिहायचा हे तुम्ही त्या डॉक्टरांना विचारलेत, केसपेपरवर देवनागरीत लिहिलात आणि खाली नोंद केलीत: समजते, बोलता येत नाही.

त्या डॉक्टरांनी नंतर मला सांगितले की वसतिगृहातल्या पहिल्याच आठवड्यात त्यांना प्रवेशपरीक्षेतला क्रमांक आणि आरक्षणाचा प्रवर्ग विचारण्यात आला होता, आणि तेव्हापासून या इमारतीत गोंडीचा एक शब्दही उच्चारायचा नाही असे त्यांनी ठरवले होते. आपल्या अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्समधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीविषयी जे मांडले, ते मी वाचले होते. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. जी भाषा लपवावी लागत होती, तिच्यामुळेच एका रुग्णाचे निदान सुधारले. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली गोंडी संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत नाही, पण तुमच्या केसपेपरवर आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांनी तपासलेला, "तान" एवढेच उच्चारू शकणारा रुग्ण न्यूरॉलॉजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो, असेही ते तरुण डॉक्टर म्हणाले. माझ्या बाबांचे "येर" त्याच आदराने ऐकले गेले, ते तुमच्यामुळे.

आणखी एक गोष्ट. स्मरणशक्तीच्या चाचणीत घड्याळाचे चित्र काढायचे होते. ज्याने कधी पेन्सिल धरली नाही त्याला घड्याळ जमले नाही म्हणजे त्याचा मेंदू चालत नाही, असे समजू नका, असे तुम्ही विद्यार्थ्यांना सांगितलेत आणि त्याऐवजी रोवणीची कामे चित्रांवरून क्रमाने लावायला दिलीत. बाबांनी ती डाव्या हाताने एकही चूक न करता लावली. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आलेले समाधान मी आईला फोनवर नीट सांगूही शकले नाही.

चांगुलपणाला मोठा खर्च येत नाही, हे मी वर्गात मुलांना सांगत आले आहे. आता त्यांना तुमच्या हातोड्याची गोष्ट सांगते.

पुढच्या तपासणीला आम्ही सोमवारी येतो आहोत. बाबांचे आता अकरा शब्द झाले आहेत, सगळे गोंडीतले. ते डॉक्टर त्या दिवशी ड्यूटीवर असतील का, एवढे कळवावे; बाबा खुणेने रोज तेच विचारतात.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी, जिल्हा गडचिरोली