तंबूआधी व्हील पाना तपासा

महोदय,

पाऊस ओसरला की राधानगरी, गगनबावडा, आंबोलीकडे तंबू घेऊन मुक्कामाला जाणाऱ्या गाड्या वाढतात. मटणाचा मसाला डब्यात आठवणीने भरला जातो, पण स्टेपनीत हवा आहे का, हे कुणी बघत नाही. घाटात गॅरेज नाही आणि मोबाइलला रेंजही बेभरवशाची. म्हणून गाडीत ठेवायच्या हत्यारांबद्दल थोडे लिहितो.

चाळीस नगांची हत्यारांची चकचकीत पेटी घेऊ नका. त्यातले पाने बहुधा मऊ लोखंडाचे; जोर लावला की तोंड फाकते. आपल्याच गाडीच्या नटांना बसणारे चार पाने, पक्कड आणि दुतोंडी स्क्रूड्रायव्हर पुरतात.

खरी अडचण चाकाच्या नटांची. टायरवाले ते एअर गनने इतके आवळतात की कंपनीच्या आखूड पान्याने हलत नाहीत. वर उभे राहून लाथा घातल्या की पाना घसरतो आणि नटाचे कोपरे मरतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भंगारवाल्याकडून पान्याच्या दांड्यावर चढेल असा दीड-दोन फुटी पाइप घ्या. निघण्याआधी घरीच एकेक नट सोडून पुन्हा पान्यानेच, हाताच्या जोराने घट्ट आवळा. पाइप फक्त सोडायला. आवळताना लावला तर स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो. रस्त्यावर आधी चाकांना दगड लावायचे, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करायचे, मगच जॅक चढवायचा. साइडपट्टीची माती ओली असेल तर जॅक रुततो, म्हणून फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी हवी.

ट्यूबलेस टायरला पंक्चर किट आणि बारा व्होल्टचा पंप ठेवा. सगळे हाताशी येईपर्यंत खिळा उपसू नका. मग तो उपसून, ज्या तिरपेपणाने घुसला त्याच दिशेने रीमर, म्हणजे किटमधली भोक साफ करायची खरबरीत सळई, चार-पाच वेळा आत-बाहेर करा. सोल्यूशन (रबराचा गोंद) लावलेली रबरी पट्टी किटमधल्या सुईत ओवून अर्धा इंच बाहेर राहील इतकी दाबा, सुई न पिळता झटक्याने ओढा, उरलेले टोक कापा आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघा. टायरच्या कडेला पंक्चर असेल तर हे करू नये, स्टेपनीच लावावी. सोल्यूशनची ट्यूब एकदा फोडली की वाळते, त्यामुळे दर वर्षी नवी घ्या. पंप चालवताना इंजिन सुरू ठेवा.

फ्यूज १०, १५, २० आणि ३० अँपिअरचे दोन-दोन घ्या. उडालेल्याच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी कधीच नको. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. मोटारसायकलवाल्यांनी क्लच केबल आणि चेनलॉक (चेनची दोन टोके जोडणारी कडी) बरोबर ठेवावेत. लॉकच्या पट्टीचे बंद टोक चेन फिरते त्या दिशेला हवे.

बांधणीची तार, इन्सुलेशन टेप आणि डोक्याला बांधायची बॅटरी यांना फारशी जागा लागत नाही. फक्त या सगळ्या सामानाची पिशवी डिकीच्या तळाशी नको, सीटखाली ठेवा. नाहीतर पावसात तंबू, शेगडी, गाद्या रस्त्यावर उतरवाव्या लागतात.

— एक वाचक, कोल्हापूर