येशू उठला, मग आता कुठे आहे?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

ईस्टरनंतर तुमच्या वाचकांच्या पत्रांत एकानं सरळच विचारलं होतं की ख्रिस्ती लोक म्हणतात येशू मेलेल्यांतून उठला, बरं उठला, मग आता तो आहे कुठे? कुणी उत्तर दिलेलं दिसलं नाही म्हणून लिहितोय. प्रश्न मला मनापासून आवडला, कारण खरं तर तो आम्ही ख्रिस्ती लोकांनीच एकमेकांना विचारायला हवा.

ह्याचं उत्तर ज्या सणात आहे तो सण म्हणजे प्रभूचं स्वर्गारोहण. ईस्टर धरून चाळिसावा दिवस, त्यामुळं वार कायम गुरुवार, आणि तारीख 30 एप्रिल ते 3 जूनच्या मधली कुठलीही. (बऱ्याच कॅथलिक चर्चमध्ये तो पुढच्या रविवारी घेतात.) जर्मनीत या दिवशी सरकारी सुट्टी असते, इंडोनेशियासारख्या मुस्लिमबहुल देशातसुद्धा असते. आमच्याकडे मात्र ऐन मे महिना, लग्नसराई, अर्धी मंडळी गावाला गेलेली, गुरुवारी संध्याकाळी उपासनेला पहिल्या दोन बाकांवर मावतील एवढीच माणसं. ख्रिसमसला उभं राहायला जागा नसते, गुड फ्रायडेला तीन तास लोक हलत नाहीत, आणि हा दिवस येतो कधी नि जातो कधी ते मुलांना माहीतही नसतं. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

घडलं काय ते बायबलमध्ये अगदी थोडक्यात आहे. उठल्यावर चाळीस दिवस येशू शिष्यांना भेटत राहिला, त्यांच्याबरोबर जेवला, मग जैतुनाच्या डोंगरावर बेथानीच्या बाजूला त्यांना घेऊन गेला, हात वर करून आशीर्वाद दिला आणि आशीर्वाद देता देताच वर घेतला गेला, मेघानं त्याला झाकलं. शिष्य वर बघत उभे, तर पांढऱ्या कपड्यातले दोघेजण म्हणाले, गालीलकरांनो, आकाशाकडे बघत का उभे राहिलात, हाच येशू परत येणार आहे. आता एसटी स्टँडवर आपलं माणूस गाडीत बसवून परत येताना आपण डोळे पुसत घरी येतो, पण शुभवर्तमान लिहिणारा लूक म्हणतो की शिष्य मोठ्या आनंदानं यरुशलेमला परतले! ज्याच्यासाठी घरदार सोडलं तो डोळ्यांदेखत गेला आणि हे आनंदात, म्हणजे त्यांना काहीतरी कळलं होतं जे आम्हाला अजून नीट कळलेलं नाही असं मला दरवर्षी तो भाग वाचताना वाटतं.

तरुण मुलं विचारतात की रॉकेटच्या जमान्यात वर म्हणजे कुठे, किती किलोमीटर. चेष्टेनं नाही विचारत, खरंच विचारतात. त्यांना मी सांगतो की तो मेघ पावसाचा ढग समजू नका. मोशे सीनाय पर्वतावर गेला तेव्हा हाच मेघ, येशूचं रूप शिष्यांदेखत तेजस्वी झालं त्या रूपांतराच्या डोंगरावर झाकलं तोही हाच, बायबलमध्ये देवाची उपस्थिती असं सांगायचं असलं की मेघ येतो. आणि जुन्या करारातल्या दानिएलच्या पुस्तकात सातव्या अध्यायात मनुष्याच्या पुत्रासारखा कुणीतरी मेघांसह देवासमोर येतो आणि त्याला कायमचं राज्य दिलं जातं. म्हणजे मुद्दा उंचीचा नाहीच, राज्याभिषेकाचा आहे. मतांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीत, आम्ही दर रविवारी म्हणतो ना, बापाच्या उजवीकडे बसला आहे, ते हेच, उजवीकडे बसणं म्हणजे सगळा अधिकार हाती असणं. अर्थात ते शरीर नेमकं कसं आणि कुठे यावर मोठमोठ्या लोकांचंसुद्धा जमलं नाही, 1529 साली जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक प्रभुभोजनात (चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्यात) ख्रिस्ताचं शरीर हजर असतं की नाही यावर बोलायला बसले आणि एकमत न होताच उठले. मला त्या वादात शिरायचं नाही.

आमच्या शेजारच्या काकू वारकरी घरातल्या. त्या म्हणाल्या, म्हणजे आमच्या तुकोबारायांच्या सदेह वैकुंठगमनासारखंच का? मी म्हटलं काकू, तुलना करायची माझी पात्रता नाही, पण आमच्याकडे भर कशावर आहे ते सांगतो. येशूनं जाताना माणसाचं शरीर मागे टाकलं नाही. आपल्यासारखं हाडामांसाचं, भूक लागलेलं, रडलेलं, मार खाल्लेलं, हातावर खिळ्यांचे व्रण असलेलं शरीर घेऊनच तो तिथे गेला, आणि तो तिथे आमच्या वतीनं आहे. काकूंना ते पटकन कळलं, आमच्या कित्येक लोकांना समजावत बसावं लागतं.

हे "आमच्या वतीनं" म्हणजे काय ते नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात सगळ्यात छान उलगडलंय. जुन्या करारात प्रमुख याजक, म्हणजे यहुद्यांचा मुख्य पुरोहित, वर्षातून एकदा, एकटाच, पडद्याच्या आत परमपवित्र स्थानात जायचा आणि लगेच बाहेर यायचा. एरवी सेवा करताना त्याच्या छातीवरच्या उरपटावर इस्राएलाच्या बाराही वंशांची नावं कोरलेली असायची, म्हणजे देवासमोर जाताना तो सगळ्यांची नावं काळजावर घेऊन जायचा. येशू हातांनी बांधलेल्या मंदिरात नाही तर प्रत्यक्ष देवासमोर गेला आणि तिथेच राहिला, आमची नावं घेऊन. तो आमच्यासाठी मध्यस्थी करायला सदा जिवंत आहे असं त्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. तर तुमच्या वाचकाचा जो प्रश्न, आता कुठे आहे, त्याचं उत्तर मी असं देईन की तो बापाजवळ आहे आणि आत्ता, हे पत्र तुम्ही वाचताय तेव्हाही, आमच्यासाठी बोलतोय.

माझे वडील शेवटचे आजारी होते तेव्हा त्यांना प्रार्थनाच करता येईना, दोन शब्द झाले की दम लागायचा, आणि त्याचीच त्यांना जास्त खंत. पाळकसाहेब आले, त्यांनी त्याच इब्री पत्राचा चौथा अध्याय वाचला, की आपला प्रमुख याजक आपला दुबळेपणा जाणतो, तो स्वतः सगळ्यातून गेलाय, म्हणून धीर धरून कृपेच्या राजासनाजवळ जा. वडील म्हणाले, मग माझं राहिलेलं तो सांगेल. त्यानंतर ते शांत झोपायचे. मला स्वर्गारोहणाचा अर्थ त्या खोलीत कळला, उपदेशात तोपर्यंत कितीदा ऐकला होता तरी.

1563 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला विश्वासाची प्रश्नोत्तरी तयार झाली, तिच्यात विचारलंय की ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा आम्हाला उपयोग काय. उत्तरात तीन गोष्टी आहेत. तो आपला कैवारी म्हणून बापासमोर आहे ही एक, आपलं माणसाचं शरीर तिथे पोचलंय म्हणून आपणही पोचू याची खात्री ही दुसरी, आणि त्याबदल्यात त्यानं पवित्र आत्मा विसार म्हणून, म्हणजे हमी म्हणून, आपल्याकडे पाठवला ही तिसरी. दुसरी गोष्ट मला फार मोठी वाटते. पाचव्या शतकात रोमचे पोप लिओ यांनीही हेच सांगितलं होतं, की ख्रिस्त वर गेला म्हणजे आपली माणसाची जातच वर नेली गेली. ज्या देशात माणसाच्या शरीराला शिवू नये म्हणून शतकानुशतकं नियम केले गेले तिथे ही शिकवण किती मोठी आहे बघा, ज्याला कुणी दारात उभं केलं नाही त्याचंही शरीर देवाच्या उजवीकडे पोचू शकतं. आमच्या कित्येकांच्या पणजोबांनी हेच ऐकून विश्वास धरला असेल असं मला वाटतं.

जैतुनाच्या डोंगरावर आजही एक छोटी अष्टकोनी वास्तू आहे, क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे धर्मयुद्धाला आलेल्या युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी, बांधलेली, 1187 नंतर ती मुसलमानांकडे गेली आणि अजून त्यांच्याच ताब्यात आहे. आत दगडावर येशूची पाऊलखूण दाखवतात. स्वर्गारोहणाच्या सणाला ख्रिस्ती लोकांना तिथे उपासना करू देतात, हे मला त्या पाऊलखुणेपेक्षा जास्त भावतं.

विश्वासापायी जीव देणारा पहिला ख्रिस्ती स्तेफन, त्याला दगडमार झाला तेव्हा त्याला स्वर्ग उघडलेला दिसला आणि येशू देवाच्या उजवीकडे उभा असलेला दिसला. एरवी बहुतेक ठिकाणी बसलेला म्हटलंय, इथे उभा! आपल्या माणसासाठी उठून उभा राहिला असं जुने पाळक सांगायचे, आणि आज जे कुणी विश्वासापायी त्रास सोसतायत त्यांना मी हेच वचन वाचायला सांगतो.

आमच्या पाळकांना आणि चर्चच्या पंचांना हात जोडून विनंती आहे की दहा माणसं आली तरी गुरुवारची उपासना सोडू नका, आणि तिथून पेंटेकॉस्टपर्यंतचे (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंतचे) दिवस घरोघरी प्रार्थना ठेवा, माडीवरच्या खोलीत शिष्य, मरीया आणि बाकीच्या बाया प्रार्थना करत थांबल्या होत्या तशा. मुलांना सुट्टी असते, त्यांनाही बसवा. आणि संपादक साहेब, तुम्हाला एवढंच की पुढच्या वर्षी त्या गुरुवारी दिनविशेषात दोन ओळी द्या, मजकूर लागला तर मी आधी पाठवून ठेवीन.

आपला,
एक नियमित वाचक, अहिल्यानगर