पाणी उतरायची वाट बघणारे पक्षी

प्रिय वैशू,

एव्हरग्लेड्समध्ये, अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या त्या पाणथळ प्रदेशात, असं काय आहे की मी दर हिवाळ्यात तिकडेच धावते, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा घाईत धड काही सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी पाण्याचं सांगायला हवं. फ्लोरिडात ओकीचोबी नावाचं अवाढव्य पण उथळ तळं आहे. पूर्वी पावसाळ्यात ते दक्षिणेच्या काठावरून ओसंडायचं आणि ते पाणी लव्हाळ्यातून पसरत, सुमारे १६० किलोमीटरवरच्या समुद्राकडे सरकायचं. उतार किलोमीटरमागे जेमतेम तीन सेंटिमीटर! काठावर उभं राहिलं तर पाणी थांबलंय असंच वाटतं. ते वाहतंय हे बेटांवरून कळतं. लव्हाळ्यात मधूनमधून झाडांची बेटं आहेत, प्रवाहाच्या तोंडाशी रुंद आणि पुढे शेपटीसारखी निमुळती होत गेलेली. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा हात-दोन हात उंच असली की पुरे, तेवढ्यावर मोठी झाडं उभी राहतात.

नैऋत्य किनाऱ्यावरची बेटं मात्र निराळी. त्या भागाला टेन थाउजंड आयलंड्स म्हणतात. प्रत्यक्षात बेटं काही दहा हजार नाहीत, शेकड्यांत आहेत, पण होडी घेऊन आत शिरलं की कोण मोजतंय! कालवांच्या शिंपल्यांच्या उथळ थरांवर खारफुटीची रोपं रुजतात, मुळांत गाळ अडकतो आणि बेट वाढत जातं. चोकोलोस्की बेटाची उंची तर माणसांनी घडवलीय. तिथल्या मूळ रहिवासी कालुसा लोकांनी पिढ्यानपिढ्या टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग तिथे साठलेत. एव्हरग्लेड्स सिटीपासून फ्लेमिंगो नावाच्या ठिकाणापर्यंत १६० किलोमीटरचा जलमार्ग या जाळ्यातून जातो. वाटेत बऱ्याच ठिकाणी पाय टेकायला कोरडी जमीनच नाही, म्हणून मुक्कामाला पाण्यात खांबांवर लाकडी मचाणं बांधलीत. रात्री खालून भरती येते-जाते, माशांच्या उड्या ऐकू येतात. मला तिथे झोपच लागत नाही, आणि लागावी असं वाटतही नाही.

आता सारंगागारांकडे, म्हणजे पाणपक्ष्यांच्या विणीच्या वसाहतींकडे येते. खारफुटीच्या एखाद्या बेटावर बगळे, शराटी, पाणकावळे, गुलाबी चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) आणि करकोचे, सगळे एकत्र घरटी करतात. दिसण्याआधी वास येतो, मग कलकलाट. खाली मगरीच्या जातीचे ॲलिगेटर पडून असतात, आणि ते पक्ष्यांना हवेच असतात, कारण त्यांच्या धाकाने अंडी खाणारे रकून पोहत येत नाहीत. खाली पडलेली पिल्लं मात्र ॲलिगेटरच्या तोंडी जातात. एवढी किंमत पक्षी मोजतात.

तिथल्या करकोच्याची शिकार करायची तऱ्हा बघण्यासारखी आहे. गढूळ पाण्यात चोच उघडी ठेवून तो चालतो. मासा चोचीला लागला की सेकंदाच्या चाळिसाव्या भागात चोच मिटते. हे जमायला मासे दाटीने हवेत, आणि ते दाटतात हिवाळ्यात, पाणी उतरून डबक्यांपुरतं उरलं की. म्हणून वीण पाणी उतरण्याशी बांधलेली. मध्येच पाणी चढलं तर मासे पांगतात आणि आईबाप भरली घरटी सोडून जातात.

हे कळल्यापासून तिथला इतिहास मला वेगळा दिसायला लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांच्या टोप्यांसाठी बगळ्यांचे विणीतले तुरे सोन्याहून महाग विकले जात. शिकारी घरट्यांवरच गोळ्या घालत, पिल्लं उपाशी मरत. १९०१ मध्ये फ्लोरिडात हे पक्षी मारायला बंदी घालणारा कायदा झाला. गाय ब्रॅडली नावाचा, लहानपणी स्वतः तुऱ्यांसाठी शिकार केलेला माणूस, १९०२ मध्ये रक्षक झाला. ८ जुलै १९०५ला फ्लेमिंगोजवळ शिकाऱ्याने त्याला गोळी घातली. मारेकऱ्यावर खटलासुद्धा उभा राहिला नाही. वैशू, हे आठवलं की मला अजून चीड येते.

बंदुका हळूहळू थांबल्या, पक्षी परतले. पण तोवर पाणी अडवायला सुरुवात झाली होती. तळ्याला बांध, जागोजागी कालवे, आणि १९२८मध्ये पुरा झालेला टमायमी ट्रेल हा रस्ता तर आडवा बांधच झाला. १९४७ला राष्ट्रीय उद्यान झालं खरं, पण पाण्याचे दरवाजे उद्यानाबाहेर! करकोचे पूर्वी नोव्हेंबर-डिसेंबरात घरटी करत, ते फेब्रुवारी-मार्चवर गेले. पिल्लं उडायच्या आत पाऊस येतो, मासे पांगतात. नुसता पक्षी राखून भागत नाही, पाणीही वेळेवर यावं आणि वेळेवर जावं लागतं. २००० साली पुनरुज्जीवनाची मोठी योजना मंजूर झाली, टमायमी ट्रेलचे काही तुकडे उचलून पूल केले. २०१७च्या भरपूर पावसानंतर पाणी संथपणे उतरलं, तेव्हा २०१८ला दक्षिण फ्लोरिडात पाणपक्ष्यांची १ लाख ३० हजारांहून जास्त घरटी मोजली गेली. तो आकडा वाचून मी अक्षरशः नाचले होते.

तू येच. पावसाळ्यात नको, डासांनी हैराण होशील. मार्चच्या सुरुवातीला ये. फ्लेमिंगोच्या रस्त्यावर पॉरोटिस पाँड लागतं, तिथे करकोचे आणि चमचे काठावरूनच दिसतात. विणीच्या दिवसांत त्या तळ्यात होडी घालू देत नाहीत, तेव्हा चांगली दुर्बीण आण. माझी एकच आहे आणि ती मी कुणाला देत नाही.

तुझी,
मीनल