पत्र्याखालच्या दुपारचे काय?

‘दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका’ ही प्रशासनाची सूचना आपल्या अंकात वाचली. सूचना रास्त, पण घरावर पत्रे असतील तर? हवामान खाते तापमान मोजते ते सावलीतल्या हवेशीर पेटीत; पत्र्याखालचा उकाडा त्यात दिसत नाही. पत्र्याखाली पंखा गरम हवाच फिरवतो, तोही वीज असेल तेव्हा. म्हातारी माणसे कडुलिंबाखाली बाज टाकतात, ती उगाच नव्हे. मराठवाड्यातली माळवदे (जुन्या घरांची मातीची सपाट छपरे) पांढऱ्या मातीच्या जाड थराने थंड राहत (गळायचीही, हे खरे). आता ती परत येणार नाहीत. मात्र पत्र्यांना मार्चमध्येच चुन्याचा हात देण्यासाठी ग्रामपंचायतींना निधी द्यावा आणि दुपारी समाजमंदिरे पाण्याची सोय करून उघडी ठेवावीत.

– एक वाचक, परभणी